चिंचखोरीच्या नजरेतली खोली

१८ नोव्हेंबर, आंबेदरा

पोचले एकदाची. पाटोद्याला जीपमध्ये बसले तेव्हा मांडीवर लॅपटॉपची बॅग, पायाशी गॅसची छोटी शेगडी आणि शेजारी एक आजी, त्यांच्या मांडीवर कोंबडी. घाट उतरेपर्यंत आजींनी माझं नाव, गाव, नोकरी सगळं विचारून घेतलं. लग्न केलेलं नाही आणि आईवडील राहिले नाहीत म्हटल्यावर त्यांनी कोंबडी दुसऱ्या मांडीवर घेतली. मग पिशवीतून एक पिकलेलं सीताफळ काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. मुक्कामाची सुरुवात गोड झाली म्हणायची.

राहायची सोय विजयसिंह दादांकडे. मागे सरपंच होते, पंचेचाळिशीचे असतील, घरात एकटेच. गावातलं एकुलतं दुमजली घर त्यांचं. खाली ते राहतात, वरची खोली माझी. जिना बाहेरून आहे, त्यामुळे कुणाची कुणाला अडचण नाही. खोली ऐसपैस, भिंती अजून नव्या, आणि पूर्वेला ही मोठी खिडकी! गाव दऱ्यात वसलंय, खाली कुठे मोबाईलला रेंज नाही. खिडकीशी मात्र चांगली येते. नकाशाचं काम करणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

दादांनी चहा दिला, सतरंजी दिली, जिन्याखाली पाण्याचा हंडा भरून ठेवला. अबोल माणूस, पण अदबीचा. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "तुमी बिनघोर ऱ्हावा, मोहिनीताई. फकस्त त्या खिडकीतून काय दिसलं तर मला सांगत जा." काय दिसेल, असं मी विचारलं. "काय बी," म्हणाले आणि आत गेले. वर मात्र आले नाहीत.

खिडकीतून आत्ता दिसतायत त्या बोडक्या टेकड्या, वाळलेलं कुसळ, दोन घारी. झकास.

२१ नोव्हेंबर

कामाला जुंपून घेतलंय. आमचा प्रकल्प उठून गेलेल्या गावांचा. निजामाच्या काळातल्या नकाशांवर या भागात कितीतरी गावांच्या नावापुढे एक शब्द आहे : बेचिराग. दिवा नसलेलं. साथ आली, पाणी आटलं, दरोडे पडले, माणसं उठली आणि गाव बेचिराग झालं. असं प्रत्येक गाव शोधायचं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी घ्यायच्या, जागेवर जाऊन जीपीएसवर बिंदू टिपायचा आणि जुना नकाशा, उपग्रहाचं चित्र आणि माणसांच्या आठवणी एकमेकांवर ठेवून बघायचं. गावं का उठली आणि उठून नेमकी कुठे बसली, हे त्यातून कळतं. पुण्याहून रामेश्वर सर फोनवर मार्गदर्शन करतात. त्यांच्याच हाताखाली मी गेली सहा वर्षं आहे.

इथली माणसं बोलकी आहेत. परवा दोन उठलेल्या गावांच्या जागा मिळाल्या, काल एक. पण चिंचखोरीचं नाव काढलं की गाडी अडते. जुन्या नकाशावर ती आंबेदऱ्याच्या पूर्वेला, जेमतेम दोन मैलांवर आहे. एकानं सांगितलं, असं गावच नव्हतं. दुसऱ्यानं तंबाखू मळायला घेतली ती मळतच राहिला. तिसरा म्हणाला, "कावून लागतंय तुमाला त्ये?" आणि बैल सोडायला उठला.

आज पहाटेपासून ट्रक आणि ट्रॅक्टर. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. भांडीकुंडी, कोयते, शेळ्या, लेकरं, सगळं वर चढवलेलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होते. माझी इथे ओळख ती किती, तरी बायका हात हलवत गेल्या. होळीच्या सुमाराला येतील म्हणे.

२४ नोव्हेंबर

गाव एकदम रिकामं झालंय. दारादाराला कुलूप. उरले म्हातारे, काही शाळेतली पोरं आणि कुत्री. बोलायला माणूस शोधावं लागतं. दुपारी कुठल्यातरी बंद घरात घड्याळाचा गजर वाजत राहिला. बंद करायला कोणी नव्हतं.

आज एकटीच चिंचखोरीला जाऊन आले. रस्ता नाही, शेळ्यांची वाट आहे. ओढा ओलांडून चढ चढलं की सपाट टेकाड लागतं. माती बघताक्षणी कळलं. पांढर! माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या की माती अशी राखेच्या रंगाची होते. खापरं, बांगड्यांचे तुकडे, जात्याची एक तळी. मधोमध चिंचेचं जुनं झाड. त्याच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली.

खरं सांगायचं तर बरं वाटलं तिथे. पुण्यात मी रोज एकटीच जेवते. टीव्ही लावून जेवते, आवाज हवा म्हणून. इथे टीव्हीची आठवण झाली नाही. कोणीतरी शेजारी बसलंय, मला जेवू देतंय, मध्ये बोलत नाही, असं काहीसं. वेडेपणा आहे, पण रोजनिशीत नाही लिहायचा तर कुठे?

एक गोष्ट ध्यानात आली. तिथून चहूकडे बघितलं तर एकही गाव दिसत नाही. नुसत्या टेकड्या.

२७ नोव्हेंबर

आजचं काम नीट लिहून ठेवते, पुढे लेखात लागेल.

टेकाडावरून एकही गाव दिसलं नाही, ते डोक्यात घोळत होतं. म्हणून आज संगणकाला कामाला लावलं. जमिनीचा उंचसखलपणा भरला की तो सांगतो, अमुक जागेवर उभ्या असलेल्या माणसाला भोवतालचं काय दिसेल आणि काय टेकडीआड जाईल. दिसणारी जमीन लाल रंगवली, न दिसणारी करडी. मग त्यावर आसपासच्या सगळ्या गावांची, वाड्यावस्त्यांची घरं ठेवली. उपग्रहाच्या चित्रातून एकेक छप्पर मी स्वतः टिपलंय.

प्रत्येक घर करड्या रंगात. आंबेदरा सगळा. खालची वस्ती, धनगरांची वस्ती, ओढ्यापलीकडची चार घरं, सगळी करड्यात. मारुतीचं देऊळ, शाळा, स्मशान, तेही. काही ठिकाणी लाल पट्टा घरांच्या ओळीला इतका खेटून जातो की, आणखी एक खोली बांधली असती तर ती लालमध्ये आली असती. ती खोली कुणी बांधलेली नाही. चांगली, पाण्याजवळची, सपाट जमीन लालमध्ये आहे. ती ओस.

सरांना फोन केला. ते हसले. डोंगराळ भाग आहे, माणूस वाऱ्याच्या आडोशाला राहतो, योगायोगाला अर्थ चिकटवू नकोस, म्हणाले. बरोबर आहे. म्हणून संगणकाला सांगितलं, तेवढीच घरं राहण्याजोग्या जमिनीवर आपल्या मनानं कुठेही टाक, हजार वेळा टाक, आणि किती वेळा सगळी करड्यात पडतात ते सांग.

एकदाही नाही.

म्हणजे ही माणसं ठरवून बसली आहेत. चिंचखोरीवरून दिसणार नाही अशा ठिकाणी. पिढ्यान् पिढ्या. मी आनंदानं खोलीत फेऱ्या मारल्या. असं काही सहा वर्षांत हाती लागलं नव्हतं.

मग नकाशा मोठा करून पुन्हा तपासला, तेव्हा एक लाल ठिपका राहिलेला दिसला. आंबेदऱ्याच्या करड्या भागात मधोमध, टाचणीच्या टोकाएवढा. दुमजली घराचा वरचा मजला. पूर्वेची खिडकी. ही खोली!

मला हसूच आलं. खिडकीपाशी जाऊन मी तिकडे हात हलवला.

३० नोव्हेंबर

छबुबाईंकडे गेले होते. धनगर वस्तीवर राहतात, ऐंशी पार केलेली बाई. पोरं मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीकाठी गेलीत, त्या आणि एक आंधळी शेळी मागे. मी नकाशाचं काही बोलले नाही. एवढंच विचारलं की, चिंचखोरीची माणसं कुठे गेली.

त्यांनी शेळीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कुटं जात्यात? आमीच ती."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आजीच्या लहानपणी गाठीची, म्हणजे प्लेगची, साथ आली. रोज माणूस मरायला लागला. पंचांनी ठरवलं, गाव सोडायचं, त्याच दिवशी. एका घरात एक तरणी बाई तापानं पडलेली होती. नवरा साथीत गेलेला, लेकरू नाही. तिला गाडीत घ्यायला कोणी धजेना.

"तिला सांगून गेले बगा, तू दिवा लावून ठिव, सांजच्याला गाडी घिऊन येतो. म्हंजी घर सापडंल आमाला." छबुबाईंचा आवाज बारीक झाला. "गेलं न्हाई कुनी."

गावानं समोरच्या माळावर पालं ठोकली. दिवस मावळला की तिकडं दिवा दिसायचा. दुसऱ्या दिवशी दिसला, तिसऱ्या दिवशी दिसला. बायकांना घास गिळेना. मग पालं उचलून लोक टेकडीआड गेले. पुढे म्हणे ती केव्हाच मेली असणार, तेलही संपलं असणार, तरी गुराख्यांना दिवा दिसायचा. आणि ज्याचं घर तिला दिसायचं, त्या घरातलं माणूस एखाद्या सांजेला उठून चालू लागायचं. एका वेळी एकच. "तिला एक पुरतंय. सोबतीला."

आणि मग दुसरं? मी विचारलं.

"दुसरं गेलं तर पयलं माघारी येतं म्हनत्यात. मी न्हाई बगितलं." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच विचारलं, मी कुठे उतरलेय. मी सांगितलं. छबुबाईंनी शेळीला ओढत आत नेलं आणि झोपडीचं दार लावून घेतलं. मी बाहेर हाका मारत राहिले.

गोष्ट अप्रतिम आहे. नकाशाचं कोडं सुटलं. हे शरमेनं वसलेलं गाव आहे. परतताना मात्र मी जरा भरभर चालले.

३ डिसेंबर

दिवा दिसला.

काल दिवेलागणीला खिडकीशी बसून नोंदी भरत होते. समोरच्या टेकडीवर, पांढरीच्या जागी, एक पिवळा ठिपका. आधी वाटलं तारा. मग वाटलं मेंढपाळ. पण मेंढपाळ आगटी पेटवतो, ती वरखाली होते. हा स्थिर होता.

सकाळी दादांना सांगितलं. त्यांच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला. पुसायचं भान नव्हतं त्यांना. दिवा एकटा होता का, की कुणी दिसलं, असं विचारलं. मी म्हटलं, एवढ्या लांबून माणूस कसा दिसेल? माझ्या कॅमेऱ्याला मोठी लेन्स आहे हे त्यांनी पाहिलं होतं. मान खाली घालून म्हणाले, "त्यातून बगा ना, ताई."

माणसानं इतक्या काकुळतीनं कॅमेऱ्यातून बघायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

५ डिसेंबर

दिवसाउजेडी टेकाडावर जाऊन आले. राख नाही, वात नाही, पावलांचे ठसे माझेच. जात्याची तळी जिथे होती तिथेच, पण तिच्यावरची धूळ पुसलेली.

संध्याकाळी कॅमेरा लावला. दोघी आहेत. एक वाकलेली, अंगावर पांढरट लुगडं. दुसरी ताठ, हिरवी साडी, खांद्यावर लांब वेणी. चिंचेखाली समोरासमोर बसलेल्या. भाजी निवडताना बसतात तशा.

फोटो काढला. फोटोत नुसतं झाड आलंय.

दादांना सांगितलं. वेणीचं सांगताच ती किती लांब होती ते त्यांनी दोनदा विचारलं. मग सगळं सांगितलं. ती त्यांची बायको, सत्यशीला. वरची खोली तिच्याच हट्टानं बांधली. गाव म्हणत होतं, पूर्वेला खिडकी नको. यांनी हसण्यावारी नेलं. दोन वर्षांमागं अशाच थंडीत ती वरून उतरली, अंगणातून चालत गेली. यांनी हाक मारली तर म्हणाली, "आलेच." गावानं आवई उठवली की बाई पळून गेली. पोलिसांत कागद झाले, विहिरी उपसल्या.

दादा त्या टेकाडावर असंख्य वेळा गेलेत. रात्री राहिलेत. त्यांना काही दिसत नाही. "मी खाली ऱ्हातो ना. खालच्याला त्या न्हाई दिसत. वर येऊन ऱ्हायलो तर मला बी बोलावतील, आन् मग तिला आनायला कोन ऱ्हाईल?" गाव सारखं सांगतंय, खिडकी विटांनी बुजव. ते बुजवत नाहीत. तिला घर कुठून दिसणार मग, म्हणतात.

मला राग यायला हवा होता. या माणसानं मला तिथे ठेवलं, बघायला. पण तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, आणि कुणासाठी कुणी असं रडतंय हे बघताना माझ्या मनात आलं, माझ्यासाठी कोण?

७ डिसेंबर

उद्याच्या जीपनं जायचं ठरवलं. सामान बांधलं.

जाण्याआधी फोनमधल्या वाटा लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. मी चालते ती प्रत्येक वाट फोन आपोआप टिपत असतो, सर्वेक्षणासाठी तशी सोय करून ठेवलेली आहे. नकाशावर निळ्या रेघा उमटल्या. सगळ्या ओळखीच्या. आणि काही ओळखीच्या नाहीत.

तीन तारखेची एक. दिवेलागणीला घरातून निघून ओढ्यापर्यंत आणि परत. चार तारखेची ओढ्यापलीकडे. पाच तारखेची चढाच्या मध्यापर्यंत. कालची चिंचेच्या अगदी अलीकडे.

त्या वेळी मी खिडकीशी बसले होते. मला नक्की आठवतंय, मी खिडकीशी बसले होते.

चपला पाहिल्या. पांढरी माती.

८ डिसेंबर

जीपच्या थांब्यावर गेले. छबुबाई आणि दोन म्हातारे उभे होते. मला बघून तिघांनी तोंडं फिरवली. जीप आली. ते चढले. मी पाय उचलला आणि—

नंतरचं आठवतं ते एवढंच की मी चिंचेखाली बसले होते आणि बॅग शेजारी होती. ऊन कलायला आलं होतं. कुणीतरी माझे केस विंचरून दिले होते. घट्ट, तेल लावून. आई असताना अशी वेणी असायची माझी.

धावत परत आले. वाटभर रडत.

सरांना फोन केला. पुन्हा पुन्हा वेणीचंच सांगत राहिले. ते म्हणाले तुला विश्रांतीची गरज आहे, सोमवारी बोलू.

९ डिसेंबर

खिडकीला चादर लावली. उपयोग नाही. स्वयंपाकाचा वास येतो. लसणाचा, पिठल्याचा. दोन मैलांवरून.

भाकरी थापल्याचा आवाज. मग एक बाई हाक मारते, जेवायला चला गं. नाव घेत नाही. तरी मलाच.

भीती वाटते ती याची नाही. भीती वाटते कारण मला भूक लागते. तोंडाला पाणी सुटतं आणि मी उठलेली असते, हात कडीवर—

दादा खालून विचारतात, ताई, बऱ्या हाव ना? वर येत नाहीत.

१० डिसेंबर

दादांशी बोलले. ते म्हणाले, तुम्ही ओढल्या जाल ते वेगळं आणि शुद्धीत, दिवसा, तिला आणायला म्हणून जाल ते वेगळं. तिचा हात धरायचा आणि निघायचं. मागं बघायचं नाही. दोघी मिळून या. मी खिडकीत दिवा घेऊन उभा राहतो, वर येतो, ती गेल्यापासून पहिल्यांदा येतो. दिव्याच्या रोखानं या.

"तुमी आल्याबिगर मी खिडकीतून हालत न्हाई. सत्यशीलेची शपत."

कुणीतरी माझी वाट बघत उभं राहणार आहे. काय सांगू, हे लिहिताना बरं वाटतंय.

छबुबाई म्हणाल्या होत्या, दुसरं गेलं तर— नको. दोघी येऊ. हात धरून.

उद्या दुपारी.

११ डिसेंबर, टेकाडावर

आले. शुद्धीत आहे. वही मुद्दाम आणलीय, लिहीत राहिले की ताबा राहतो. कॅमेराही आणलाय.

ऊन आहे. कोणी नाही. कुठे बघायचं ते आता माहीत आहे, म्हणून खिडकी इथून स्पष्ट दिसते. सगळ्या मुलखात एवढीच एक मानवी वस्तू. लेन्समधून बघितलं, तिच्यात दादा उभे आहेत. शपथ पाळली. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

ऊन उतरतंय.

धुराचा वास. मागे भांड्याचा आवाज झाला. बघत नाहीय.

सत्यशीला आली. समोर येऊन उभी राहिली. हिरवी साडी, विटलेली. माझ्याएवढीच असेल वयानं. मी म्हटलं, चला, दादा वाट बघतायत. तिनं खिडकीकडे पाहिलं, किती वेळ पाहिलं, आणि हळूच विचारलं, "वर आले का हो ते?" मी हो म्हटलं. तिनं विटलेला पदर नीट केला.

हात धरला तिचा. ऊबदार आहे. चाललोय—

पांढरीच्या काठापर्यंत आलो. तिचं पाऊल पलीकडे पडलं. माझं पडत नाही. उचलतेय. पडत नाही. ती माझ्या बोटांतून बोटं सोडवत होती, एकेक करून, आणि म्हणत होती, "बसा जरा. ती लई एकटी हाय. वाईट न्हाई ती."

गेली. पळत गेली. एकदाही मागे—

चिंचेखाली बसलेय. कशी आले माहीत नाही. दादांना कळलं नसेल अजून. ती सांगेल. ती पोचली की सांगेल आणि ते कोणाला तरी पाठवतील. गावात आहेत माणसं. म्हातारी का होईना.

लेन्स लावली. खिडकीत दोघं. दिवा आहे त्यांच्या हातात. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलंय. दोन्ही हात हलवतेय मी. उभी राहून. ओढणी हलवतेय.

दिसते त्यांना मी. तिला तरी दिसणारच. ती वरच राहिलेली—

तिसरं कोणी आलं. डोक्यावर पाटी. आणखी एक, मागून. गावातले आहेत.

पाटीत विटा.

नाही. आधी मला— नाही नाही, वारा अडवायला काही करत असतील, ती गारठलीय, दोन वर्षं—

खालची ओळ झाली. दादा बाजूला झाले. तोंड भिंतीकडे करून उभे आहेत. सत्यशीला स्वतः वीट देतेय गावातल्या माणसांच्या हातात. हाका मारल्या. घसा फाटला. आवाज ओढ्यापलीकडे जात नाही.

अर्धी झाली. दिवसही गेला. आता अंदाजानं लिहितेय, नजर खिडकीतल्या तेवढ्याच उजेडावर.

पांढऱ्या लुगड्यातली ती मागे येऊन बसलीय. माझ्या पाठीला पाठ लावून. ताटं मांडली तिनं. वास येतो लसणाचा. घाई करत नाही. तिला वाट बघायची सवय आहे.

वरची ओळ. फट उरलीय. पिवळी.

ती विचारते, दिवा मी लावू का गं, का तू लावतीस? मी म्हटलं थांबा, अजून दिसतंय, एवढी फट आहे अजून, थांबा ना, अजून थोडी—